मुक्काम कुठं करायचा?



पाऊस उघडला की आपल्या पोरांना वारं लागतं. चारपाच मोटारसायकली जमतात, नाहीतर वर्गणी काढून एखादी जीपगाडी भाड्यानं ठरते. दोन दिवसांची सुट्टी, तिसऱ्या दिवसाचा खाडा. नाशिकची लेणी, येवला, दौलताबादचा किल्ला, वेरूळ. याद्या होतात, पेट्रोलचा हिशेब होतो, फोटो कुणाच्या मोबाईलवर काढायचे यावर वाद होतो. सगळं ठरतं. एकच गोष्ट ठरत नाही. रात्री पडायचं कुठं? हा प्रश्न निघाला की कुणीतरी हात झटकून म्हणतं, ‘बघू रे, तिथं गेल्यावर.’

‘बघू तिथं गेल्यावर’ हे वाक्य या देशात सगळ्यांना एका भावात मिळत नाही. काहींना ते फुकट मिळतं, पिढ्यान्‌पिढ्या मिळत आलंय. कुठल्याही गावात उतरलं की त्यांच्या सोयऱ्याचा वाडा असतो, मठ असतो, जातीची धर्मशाळा असते. आपल्या लोकांनी याच वाक्याची किंमत तहानेनं, उपाशीपोटी आणि मोडक्या पायानं चुकवलीय.

म्हणून हा अग्रलेख मुक्कामावर. चळवळीच्या अंकात सहलीचा विषय म्हणजे भंकस असं ज्याला वाटतं, त्यानं शेवटपर्यंत वाचावं आणि मग शिव्या घालाव्यात.

आमचं म्हणणं सरळ आहे. दिवसा रस्ता सगळ्यांचा असतो. चहा प्यायला, पैसे टाकले, गाडीला किक मारली, संपलं. रात्र पडली की रस्ता संपतो आणि दार सुरू होतं. दारात माणूस उभा असतो. तो विचारतो, कोण तुम्ही? देश सगळ्यांचा आहे हे घटनेत लिहिलेलं आहे. ते किती खरं, हे त्या दारात कळतं.

*

आमचे बाप-आजे काही घरात बसून नव्हते. ते जन्मभर फिरले. ऊस तोडायला फिरले, खडी फोडायला फिरले, १९७२ च्या दुष्काळात बिऱ्हाड पाठीवर टाकून फिरले, गिरणीत आणि गोदीत आले. पण पाहायला म्हणून कुणी फिरलं नाही. मुक्काम झाला तो फडावरच्या कोपीत, पुलाखाली, धक्क्यावर गोण्यांच्या थप्पीला टेकून. ‘स्थळं पाहणं’ हा शब्दच आमच्या घरात नव्हता. तेव्हा आपला एखादा पोरगा, एखादी पोरगी, काही काम नसताना, कुणाचं बोलावणं नसताना, निव्वळ डोळे भरून बघायला गावोगाव निघते, ती चैन नाही. तो हक्क आहे.

आणि गंमत बघा. जुन्या गावगाड्यात वाटसरूच्या मुक्कामाची सगळी व्यवस्था कुणाच्या डोक्यावर होती? महाराच्या. सरकारी अंमलदार गावात उतरला की चावडी झाडायची महारानं. लाकूडफाटा आणायचा महारानं. साहेबाच्या घोड्याला गवत टाकायचं महारानं. सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट दाखवायची महारानं. रात्री वेशीवर जागायचं येसकरानं. सगळ्या मुलखाला झोप देणारा हा माणूस. त्याला स्वतःला मात्र परगावात पाठ टेकायला जागा नव्हती. या वेठीला ‘वतन’ असं गोंडस नाव होतं. १८७४ च्या कायद्यानं इंग्रजानं त्यावर शिक्का मारला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध बिल आणलं. ते वतन कायद्यानं मोडायला १९५८ साल उजाडावं लागलं.

म्हणजे मुक्काम हा आपल्याला नवा विषय नाही. फक्त आपण कायम दाराच्या चुकीच्या बाजूला उभे होतो.

*

बाबासाहेबांचं एक छोटं पुस्तक आहे, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेलं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते १९९० साली छापलं. त्यात सहा हकिगती आहेत. दोन दुसऱ्यांच्या, चार त्यांच्या स्वतःच्या. आता नीट बघा. स्वतःच्या चारही हकिगती प्रवासातल्या आहेत. चारही ठिकाणी प्रश्न तोच आहे. उतरायचं कुठं, थांबायचं कुठं, पाणी कोण देणार?

पहिली १९०१ ची. साताऱ्याहून पोरं वडलांकडं कोरेगावला निघालेली. कपडे नवे, मनात मजा. मसूर स्टेशनवर उतरली. जात कळली तसा एकही गाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं दिलं, बैल पोरांनीच हाकायचे आणि गाडीवाल्यानं बाजूनं पायी चालायचं असं ठरलं. रात्री टोलनाक्याच्या झोपडीपाशी मुक्काम पडला. जात लपवून पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. डबा भरलेला होता, पण पाण्यावाचून खाणार कसं? भरल्या डब्याशेजारी पोरं उपाशी झोपली.

दुसरी १९१७ ची, बडोद्याची. अमेरिका-इंग्लंडात शिकून आलेला माणूस. बडोद्यात जागा मिळेना म्हणून पारशी सराईत पारशी नाव लावून राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव खोलीच्या दारात उभा. सामान उचलावं लागलं. दिवस बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली.

तिसरी १९२९ ची, चाळीसगावची. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे ते सभासद होते. स्टेशनवर वस्तीतली माणसं न्यायला आली. टांगेवाले बसवून घेईनात. पाहुण्याला पायी नेणं वस्तीला कमीपणाचं वाटलं. म्हणून टांगा भाड्यानं घेतला आणि ज्याला हाकता येत नव्हता असा आपलाच एक माणूस हाकायला बसला. पुलावर टांगा उलटला. बाबासाहेब दगडावर आपटले, पाय मोडला.

चौथी १९३४ ची. ही तर चक्क सहल. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी म्हटलं, वेरूळची लेणी बघू. तीसेक माणसं, बसगाड्या, मोटारी. नाशिकहून येवला, तिथून निजामाच्या मुलखात. म्हणजे आज आपली पोरं जो रस्ता आखतात तोच. त्यांनी मुद्दाम गाजावाजा केला नाही. जिथं थांबायचं तिथल्याच आपल्या लोकांना कळवलं होतं. दौलताबादला लोक चहा घेऊन उभे होते. पण दिवस मावळायच्या आत किल्ला बघायचा म्हणून मंडळी आधी किल्ल्याकडं गेली. दारापाशी पाण्यानं भरलेला हौद. धुळीनं माखलेल्या काहींनी हातपाय धुतले. रमजानचा महिना होता. एक म्हातारा पाणी बाटलं म्हणून ओरडत आला, बघता बघता गर्दी जमली आणि शिव्या सुरू झाल्या. बाबासाहेबांनी त्याला सरळ विचारलं, आम्ही मुसलमान झालो तर हे पाणी चालेल काय? गर्दी गप झाली. किल्ला बघायला मिळाला. पण आत कुठं पाण्याला शिवू नये म्हणून पाठीमागं एक हत्यारी शिपाई देण्यात आला.

चार हकिगती, चार वेगळ्या युक्त्या. एकदा पैसे दुप्पट मोजले. एकदा नाव बदललं. एकदा वस्तीच्या आधारानं राहिलं. एकदा गुपचूप प्रवास केला. चारही फसल्या. बाबासाहेबांना अक्कल नव्हती म्हणून का? जगाच्या विद्यापीठांना पाणी पाजणारा माणूस तो. फसल्या कारण एकट्यादुकट्याच्या युक्तीनं दार उघडत नसतं. दार उघडायचं तर दाराची व्यवस्थाच बदलावी लागते. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, त्याच रस्त्यावरच्या येवल्यात त्यांनी धर्म सोडण्याची घोषणा केली.

*

महाडचं तळं आपल्याला पाठ आहे. २० मार्च १९२७ म्हटलं की छाती फुगते. पण त्या तळ्यामागं जो ठराव होता तो किती जणांनी नीट वाचलाय? ४ ऑगस्ट १९२३ ला रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला. सार्वजनिक पैशानं बांधलेली आणि चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखानेही.

धर्मशाळा! पाण्याच्या मांडीला मांडी लावून तो शब्द बसलाय. तळ्यासाठी आपण रक्त सांडलं, तळं आपल्या इतिहासात आलं. धर्मशाळा मात्र कागदावरच राहून गेली. पाणी दिवसाचं काम होतं, धर्मशाळा रात्रीचं. रात्रीचा सत्याग्रह अजून बाकी आहे.

गाडगेबाबांना हे कळलं होतं. पंढरपुरात आपल्या माणसांना रात्री कुठं पडावं लागतं हे त्या खराटेवाल्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा उभी केली आणि पुढं ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. देवाच्या दारापेक्षा पाठ टेकायला जागा मोठी, हे त्या माणसानं दगडविटांत सांगितलं.

आणि कुणी म्हणत असेल की सगळ्यांसाठी मुक्कामाची जागा ही परदेशी कल्पना आहे, तर त्यानं नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना पांडवलेणी म्हणतात तिथं, दहा नंबरच्या लेण्यात जावं. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. दुसऱ्या शतकातला. त्यात दानांची यादी आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन, शूर्पारक इथं वाटसरूंसाठी बांधलेल्या निवाऱ्याच्या जागा. विहिरी, तलाव. नद्यांवर फुकट नावा. शूर्पारक म्हणजे आपल्या लोकलवरचं नालासोपारा. त्याच्याही आधी अशोकानं रस्त्याकडेला झाडं लावली, विहिरी खणल्या, विसाव्याच्या जागा केल्या आणि ते खांबावर कोरून ठेवलं. उषवदातानं बामणांनाही गावं दिली, तो काही आपला पुढारी नव्हता. मुद्दा एवढाच की वाटेवरच्या माणसाला रात्री छप्पर देणं हे राज्याचं काम आहे, हे या मातीत दोन हजार वर्षांपूर्वी माहीत होतं. मधल्या काळात कुणी विसरवलं ते शोधा.

वेरूळला गेलात तर पाच नंबरच्या लेण्यात जरूर जा. लांबलचक विहार, मधे दगडाचे दोन बुटके बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही अंगांना भिक्खूंच्या खोल्या. या लेण्याचं नाव काय माहिताय? महारवाडा. लेण्यांची यादी कुठलीही काढा, हेच नाव. जगभरची माणसं तिकीट काढून महारवाडा बघायला येतात. त्याच माणसांना गावातला जिवंत महारवाडा दाखवायला गाडी कधी थांबत नाही.

*

आता जरा समुद्रापलीकडं. आपल्या लोकांनी १९७२ साली मुंबईत पँथर हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडून. नाव घेतलं, घोषणा घेतल्या. एक वही मात्र घ्यायची राहिली.

व्हिक्टर ह्यूगो ग्रीन हा न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत राहणारा माणूस. धंदा टपाल वाटायचा. त्यानं १९३६ साली एक पुस्तिका काढली. मोटारीनं प्रवास करणाऱ्या काळ्या माणसाला कुठलं हॉटेल खोली देईल, कुठं जेवण मिळेल, कुठल्या पंपावर पेट्रोल मिळेल, याची गावोगावची यादी. लोक तिला ‘ग्रीन बुक’ म्हणत. सुरुवातीला न्यूयॉर्कपुरती होती, मग देशभर पसरली. अमेरिकेत तेव्हा अशी गावं होती की सूर्य मावळायच्या आत काळ्या माणसानं गाव सोडायचं. म्हणजे तिकडचा मोटारवालासुद्धा आधी मुक्काम शोधायचा आणि मग रस्ता आखायचा. जिथं हॉटेल नव्हतं तिथं काळ्या कुटुंबांनी आपल्या घरातली खोली दिली. त्या घरांचे पत्तेही यादीत. टपालवाल्याला पत्त्यांची काय कमी?

हा पुस्तक लिहिणारा कुणी प्राध्यापक नव्हता. टपालाची पिशवी खांद्यावर वागवणारा कामगार होता. त्यानं आपल्या पुस्तिकेत लिहून ठेवलं होतं की एक दिवस असा येईल की या यादीची गरजच उरणार नाही. तो १९६० साली गेला. २ जुलै १९६४ ला नागरी हक्कांचा कायदा झाला. अटलांटा शहरातला एक मोटेलवाला काळ्यांना खोली देणार नाही म्हणून वरच्या कोर्टात गेला आणि त्याच वर्षी हरला. पुस्तिकेचा शेवटचा अंक १९६६-६७ चा.

पण दोन गोष्टी विसरू नका. मेम्फिस गावचं लॉरेन मोटेल हे त्या यादीतलंच नाव. काळ्या माणसाची हक्काची जागा. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंगला त्याच मोटेलच्या गच्चीत गोळी घातली. आणि दुसरी गोष्ट अलीकडची. हार्वर्डच्या संशोधकांनी एअरबीएनबीवरच्या घरमालकांना हजारो चाचणी-विनंत्या पाठवल्या. सगळं सारखं, फक्त नावं वेगळी. काही नावं गोऱ्यांची वाटणारी, काही काळ्यांची. २०१७ साली निष्कर्ष छापून आला. काळ्या नावाला होकार मिळण्याची शक्यता १६ टक्क्यांनी कमी. यंत्र नवं, दार जुनं.

*

‘ते तिकडं रे. आपल्याकडं आता कोण विचारतं? पैसे फेकले की खोली.’ असं म्हणणारे आपल्यातच आहेत. त्यांचं अर्धं खरं आहे. शहरातल्या लॉजवर काउंटरमागचा पोरगा स्वतःच पगाराच्या मागं लागलेला असतो. आधार कार्डाची झेरॉक्स घेतो, चावी देतो. पण खेड्याच्या बाजूला सरका. शेतावरचा मुक्काम, चुलीवरचं जेवण, घरगुती वातावरण अशी पाटी असते. तिथं ‘घरगुती’ या शब्दाच्या पोटात काय आहे ते चहाच्या आधी कळतं. ‘आडनाव काय म्हणालात? मूळ गाव कुठलं? गावात कुणाकडचे?’ तीन प्रश्न. चौथा लागतच नाही. नाही असं कुणी तोंडावर म्हणत नाही. ‘आज जरा अडचण आहे’, ‘पाहुणे यायचेत’, ‘बोअरचं पाणी आटलंय’. आमच्या ओळखीतल्या किती पोरांनी हे ऐकलंय याची मोजदाद नाही, आणि मोजदाद नाही हेच आमचं दुखणं आहे.

कायदा काय म्हणतो? घटनेचं कलम १५ सांगतं, दुकान, हॉटेल, करमणुकीची जागा, विहीर, तलाव, रस्ता, कुठंही जातीवरून अटकाव नाही. कलम १७ नं अस्पृश्यता संपवली. १९५५ चा कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्याच्या चौथ्या कलमात धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना हे शब्द स्पष्ट आहेत. ‘हॉटेल’ या शब्दात पैसे घेऊन राहायला देणारी खाणावळ आणि लॉजही मोडतात. म्हणजे पैसे घेऊन पाहुणे ठेवणारा ‘हे माझं घर आहे’ म्हणून सुटत नाही, असा आमचा अर्थ. शिक्षा एक महिना ते सहा महिने कैद आणि दंड शंभर ते पाचशे रुपये. पाचशे! बऱ्याच ठिकाणी एका रात्रीचं भाडं त्याहून जास्त आहे. तरी या कायद्यात एक दात आहे, बारावं कलम. अनुसूचित जातीच्या माणसाच्या बाबतीत असं कृत्य झालं तर ते अस्पृश्यतेपायीच झालं असं कोर्टानं धरून चालायचं. उलटं सिद्ध करायचं काम समोरच्याचं. हे कलम पाठ करा. कविता नंतर पाठ करा.

*

आता कामाचं बोलू. मुक्काम निवडायचा कसा? आमचा हिशेब असा.

एक. उजेड असताना पोचा. १९३४ च्या मंडळींनी चहा मागं ठेवला, पण किल्ला उजेडी गाठला. अंधारात दारात उभा राहणारा माणूस आधीच अर्धा हरलेला असतो, कारण त्याला दुसरीकडं जायला वेळ उरलेला नसतो. मुंबई-नाशिक सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, नाशिक-येवला ऐंशीपंचाऐंशी. पहिला मुक्काम नाशिक-येवल्याच्या टापूत टाकलात तर दुसऱ्या दिवशी दौलताबाद दुपारी आणि वेरूळ तिसऱ्या दिवशी सकाळी निवांत होतं. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, तेवढं बघून निघा. समृद्धी महामार्ग २०२५ साली मुंबईच्या जवळपर्यंत पुरा झाला, त्यानं जीपगाडीला एका दमात जाता येतं हे खरं. पण तो रस्ता गावांना कुंपणापलीकडं ठेवून जातो. गाव बघायचं असेल तर जुन्या रस्त्यानं जा.

दोन. आधी फोन करा आणि पूर्ण नाव सांगा. आडनाव गिळू नका. बडोद्यात पारशी नाव फक्त दहा रात्री पुरलं. बायकापोरं घेऊन रात्री दहाला अडकलेल्या माणसानं कुठलंही नाव सांगितलं तर त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. पोटाला आणि झोपेला तत्त्व सांगू नये. पण दहा-दहा जणांची आपली तरणी टोळी जर नाव लपवून खोली मिळवणार असेल, तर ती खोली आपल्याला मिळालेलीच नसते. ती त्या खोट्या नावाला मिळालेली असते. आणि नकार यायचाच असेल तर तो मुंबईत बसून दुपारी दोन वाजता येऊ द्या. लेखी विचारा, लेखी उत्तर ठेवा.

तीन. एक रात्र वस्तीत, एक रात्र वेशीच्या आत. दोन्ही पाहिजेत. वस्तीत राहा, कारण आपली माणसं काय खातात, कशी जगतात हे पुस्तकातून कळत नाही. पण पाहुणा म्हणून मिरवू नका. चाळीसगावच्या माणसांनी इभ्रतीपायी टांगा केला आणि काय झालं ते पाहिलंत. तुमच्यासाठी कुणी उसनवारी करून कोंबडी कापू नये. शिधा बरोबर न्या, लॉजला दिले असते तेवढे पैसे त्या घरच्या बाईच्या हातात द्या, भांडी तुम्ही घासा. आणि दुसरी रात्र मुद्दाम पुढच्या आळीत, मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलात काढा. कायम वस्तीतच उतरलो तर पुढची दारं आपल्याशिवायच चालतात, त्यांना आपली सवय होत नाही. आणि कायम हॉटेलातच उतरलो तर आपणच वस्तीला अनोळखी होतो.

चार. टोळीत पोरी असतील तर मुक्कामाचा शेवटचा शब्द त्यांचा. खोलीची कडी, संडास, दिव्याचा रस्ता त्या बघतील. त्यांनी ‘नको’ म्हटलं की नको. इथं मतदान नाही. आपल्यातल्या पुरुषांना हे जड जातं, जाऊ दे.

पाच. रात्री हुज्जत घालू नका. दार बंद झालं तर वेळ, जागा, बोललेले शब्द लिहून घ्या, जवळचं शहर गाठा, झोपा. सकाळी सगळे मिळून पोलीस ठाण्यात जा. गुन्हा दखलपात्र आहे, तक्रार घेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. रात्रीची मारामारी वर्तमानपत्रात ‘दोन गटांत हाणामारी’ म्हणून येते. सकाळची तक्रार आपल्या नावानं राहते.

*

गोदीत आम्ही रोज बघतो. परदेशातून आलेल्या बोटीला लगेच धक्का मिळत नाही. पण ती समुद्रात भटकत ठेवत नाहीत. बाहेर नांगर टाकायची जागा ठरलेली असते, नकाशावर आखलेली. पायलट जाऊन तिला आणतो. कुठल्याही देशाची असो, कुठलाही झेंडा असो. लोखंडाच्या बोटीला जे मिळतं ते माणसाला मिळावं, एवढंच मागणं आहे.

म्हणून आम्ही एक वही काढतोय. नाव ‘मुक्कामवही’. आपली माणसं रस्त्यावरच आहेत. एसटीचे कंडक्टर, ट्रकवाले, टपालवाले, पार्सल वाटणारी पोरं, ऊसतोडीचे मुकादम. रस्त्याची माहिती त्यांच्याइतकी कुणाला नाही. त्यांनी लिहावं. प्रवासाला जाणाऱ्यांनी लिहावं. कुठल्या गावात थांबलात, काय विचारलं, पाण्याचा पेला तोच होता का वेगळा, बिछाना कसला, भाडं किती, सकाळी निघताना ‘परत या’ म्हणाले का. चांगलं असेल तेही लिहा, नव्हे आधी तेच लिहा. वेशीच्या आत राहून, सरळ मनानं दार उघडणारी माणसं आहेत. पाटलाच्या घरातही आहेत, मुसलमानाच्या घरातही आहेत. त्यांचं दार आपल्या पोरांना माहीत झालं पाहिजे. त्यांची भाकरी चालू राहिली पाहिजे. ज्यांनी नाकारलं त्यांच्याबद्दल ऐकीव काही नको. तारीख, वेळ, साक्षीदार असेल तरच. आम्ही तपासू आणि मगच छापू. कुणाच्या पोटावर खोटा पाय देणार नाही.

या वहीचा आम्हाला अभिमान नाही. अशी वही काढावी लागते ही लाज आहे, आपली नव्हे, देशाची. त्या टपालवाल्यासारखंच आमचंही स्वप्न आहे की ही वही एक दिवस रद्दीत जावी. पोरांनी बेधडक म्हणावं, ‘बघू तिथं गेल्यावर’, आणि त्यात काही धाडस उरू नये.

तोवर लिहा. पुढच्या अंकात मुक्कामवहीचं पहिलं पान आम्ही कोरं सोडतोय. त्यावर गावाचं नाव तुम्ही भरायचं.

जयभीम.